गुरूवर तलवार चालवणारा परंपरानिष्ठ

‘सामुराई चाम्पलू’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला जिन म्हणजे जुन्या सामुराईचा छापील नमुना आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मितभाषी, ताठ कण्याचा, केस मागे बांधलेला, आवाज कधी न चढवणारा. शेजारी मुगेन उभा केला की जोडी जमली: एक शिस्तीचा, दुसरा बेबंद, एक कालचा, दुसरा आजचा. हिप-हॉपच्या ठेक्यावर चालणाऱ्या मालिकेचे मन अर्थातच मुगेनपाशी आहे आणि मुगेनची उसळी उठून दिसावी एवढ्यापुरताच जिन तिथे आहे, असा या मंडळींचा निष्कर्ष असतो.

उलट बाजूला जिनचे भक्त आहेत. त्यांच्या दृष्टीने तो बुशिदोचा, म्हणजे सामुराईंच्या आचारधर्माचा, शेवटचा पाईक, निष्ठेचा आणि संयमाचा आदर्श. त्याने आपल्या गुरूला ठार मारले आहे ही गोष्ट मात्र त्यांना अडचणीची जाते. मग ती ‘दुर्दैवी प्रसंग’ म्हणून बाजूला सारली जाते, आणि टीकाकार नेमके तिथेच बोट ठेवतात: गुरुहत्या करणारा कसला परंपरेचा माणूस?

भांडण कडाक्याचे दिसते, पण दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे. परंपरा म्हणजे वरिष्ठाची आज्ञा पाळणे, हे दोघांनीही न तपासता मान्य केले आहे. माझा विरोध या गृहीतकालाच आहे. जिन हा या मालिकेतला सर्वांत परंपरानिष्ठ माणूस आहे, आणि त्याची दोन प्रमाणे आहेत: एक, त्याने गुरूवर चालवलेली तलवार, दोन, मालिकेचा तो शेवट, ज्याला ‘पळवाट’ म्हणून नावे ठेवली जातात.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘काउबॉय बिबॉप’चे दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी मांग्लोब या स्टुडिओत ही मालिका केली. 2004 च्या मे महिन्यात ती सुरू झाली आणि 2005 च्या मार्चमध्ये 26व्या भागाने संपली. काळ एदोचा, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीचा. चहाच्या दुकानात काम करणारी फू, र्‍यूक्यू बेटांवरून आलेला मुगेन आणि धनी नसलेला सामुराई, म्हणजे रोनिन, जिन. पहिल्याच भागात जिन आणि मुगेन एकमेकांच्या जिवावर उठतात. फू दोघांना मृत्युदंडातून सोडवते आणि त्यांच्याकडून वचन घेते: सूर्यफुलांचा वास येणारा एक सामुराई मला शोधून द्या, तोवर एकमेकांना मारायचे नाही. मालिकाभर ही झुंज टांगणीला लागलेली असते. प्रेक्षक तिचीच वाट पाहत असतो.

आधी ‘छापील नमुना’ या आक्षेपाकडे वळू, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य निस्तरायला वेळ लागतो. मितभाषी तलवारबाजाची वंशावळ जपानी पडद्यावर खरोखरच आहे. कुरोसावांच्या 1954 च्या ‘सेव्हन सामुराई’तला क्यूझो हा तिचा थोर पूर्वज. सेइजी मियागुची यांनी तो असा उभा केला की त्यानंतरचा प्रत्येक शांत तलवारबाज त्याच्याशी ताडून पाहिला जातो. ‘ल्युपिन तिसरा’मधला तेरावा गोएमोन त्याच वळणाचा, आधुनिक चोरांच्या टोळीत किमोनो घालून वावरणारा, लोखंड चिरणारी तलवार बाळगणारा. जिन या घरातलाच आहे, हे मी नाकारत नाही.

पण या दोघांचे काय होते ते पाहा. क्यूझो बंदुकीच्या गोळीने मरतो. सगळे आयुष्य तलवारीला वाहिलेल्या माणसाला तलवारीने कोणी हरवू शकत नाही, एक गोळी मात्र हरवते. कुरोसावांना त्या काळाबद्दल जे म्हणायचे होते ते त्या एका मरणात आले. गोएमोनची तलवार बहुतेक वेळा विनोदाच्या कामी येते. म्हणजे पारंपरिक तलवारबाजाला आधुनिक कथेत आजवर दोनच जागा होत्या: शोकांतिकेची किंवा गमतीची. जिनच्या वाट्याला यातली कोणतीच आलेली नाही. त्याच्या विद्येचा मालिका बळी देत नाही आणि तिची टिंगलही करत नाही. ती त्या विद्येला एक गंभीर प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत 26 भाग थांबते. छापील नमुन्यासाठी कोणी एवढे थांबत नाही.

जिन चष्मा लावतो, यावरचा आक्षेप त्या मानाने किरकोळ. एदो काळात चष्मा कुठून आला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगायचे की पहिले तोकुगावा शोगुन इएयासू 1616 मध्ये वारले आणि त्यांच्या वापरातला चष्मा कुनोझान तोशोगू देवस्थानात आजही जपून ठेवलेला आहे. जिनच्या चष्म्याची घडण अलीकडची आहे, हे कबूल. पण ही मालिका तपशिलात इतिहास पाळत नाही हे ती लपवत नाही. तिच्यात बेसबॉलसुद्धा आहे. तिचे मोजमाप वेगळ्या जागी करायला हवे.

आता गुरुहत्या. मुख्य वाद इथेच आहे.

मारिया एन्शिरो हा जिनचा गुरू. त्याच्या दोजोत, म्हणजे आखाड्यात, शिकवली जाते ती मुजूशिन तलवारविद्या, आणि जिन तिथला सर्वांत तयार शिष्य. पुढे कारिया कागेतोकी नावाचा एक बलाढ्य माणूस त्या दोजोवर दबाव आणतो: शांततेच्या काळात निव्वळ तलवारविद्येला गिऱ्हाईक नाही, तेव्हा इथे मारेकरी तयार करा. गुरू झुकतो. जिन झुकत नाही. मग एका रात्री झोपलेल्या शिष्यावर गुरू तलवार घेऊन चालून येतो. शिष्याचा हात विचाराआधी उठतो आणि गुरू मरतो. पुढची सगळी भटकंती जिन गुरुघातकी म्हणून करतो. पूर्वीचे सहाध्यायी त्याच्या मागावर येतात. त्यांतला युकिमारू त्याला गाठतो, आणि जिनला त्याच्यावरही शस्त्र चालवावे लागते.

यावर टीकाकार म्हणतात, खरा सामुराई असता तर त्याने मान पुढे केली असती. मला विचारायचे आहे: ही ‘खऱ्या सामुराई’ची व्याख्या आली कुठून? तिचे दोन मोठे आधार सांगितले जातात. एक म्हणजे नितोबे इनाझो यांचे ‘बुशिदो’. हे पुस्तक 1900 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजीत, आणि ते लिहिणारे नितोबे स्वतः ख्रिस्ती होते. पाश्चात्त्य वाचकाला जपानची नीती समजावून सांगणे हा त्यांचा हेतू होता. सामुराईंच्या कमरेची तलवार तर सरकारी हुकमाने 1876 मध्येच उतरली होती. दुसरा आधार ‘हागाकुरे’. यामामोतो त्सुनेतोमो यांचे हे बोल 18व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुरे झाले, पण पुढे दीर्घकाळ ते साग्याच्या सरदारकीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मरणाची एवढी थोरवी सांगणाऱ्या त्सुनेतोमोंनी आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. 1700 मध्ये त्यांचा धनी वारला तेव्हा त्याच्यामागे मरण पत्करायची त्यांची इच्छा होती, पण धन्यामागे जीव देण्याला शोगुनशाहीने 1663 मध्येच बंदी घातली होती. ते भिक्षू झाले.

या माणसांना खोटे ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्सुनेतोमोंची तळमळ खरी होती, नितोबेंची विद्वत्ताही खरी होती. पण एकही लढाई न पाहिलेल्या माणसाची हुरहुर आणि सामुराई वर्ग संपल्यावर परक्या भाषेत लिहिलेले समर्थन, यांना मिळून ‘सामुराईंची सनातन परंपरा’ म्हणायचे आणि त्या मापाने जिनला नापास करायचे, हा उलटा न्याय झाला. आंधळ्या निष्ठेचे हे रूप विसाव्या शतकात लष्कराने सोयीचे म्हणून उचलले आणि तरुण पोरांना मरायला पाठवताना वापरले. त्या रूपाला परंपरा म्हणताना जरा जपून बोलले पाहिजे.

मग जिनची परंपरा कोणती? मालिका ती नाव घेऊन सांगते, आणि टीकाकार नेमके तेच ऐकत नाहीत. मुजूशिन हे कल्पित नाव नाही. हे 17व्या शतकातले तलवारविद्येचे खरे घराणे आहे. हारिगाया सेकिउन याने ते स्थापन केले, ओदागिरी इचिउन हा त्याचा शिष्य, आणि इचिउनचा शिष्य मारिया एन्शिरो. म्हणजे जिनच्या गुरूचे नाव इतिहासातून उचललेले आहे. मालिकेतला एन्शिरो ऐतिहासिक एन्शिरोपेक्षा अगदी वेगळा वागतो हे उघड आहे, पण हजार नावे मोकळी असताना हेच घराणे निवडले गेले, याला अर्थ आहे.

सेकिउन शिनकागे प्रवाहात तयार झालेला तलवारबाज. झेन गुरूच्या सहवासात त्याला स्वतःची विद्या तपासावीशी वाटली, आणि त्याचा निष्कर्ष असा: आपण ज्याला तलवारबाजी म्हणतो तिच्यात होते काय? कमकुवत समोर आला तर आपण जिंकतो, बळकट आला तर हरतो, बरोबरीचा आला तर दोघे मरतो. मग जनावरांच्या झुंजीहून यात वेगळे काय आहे? सेकिउनने खरोखरच नेहमीच्या तलवारबाजीला जनावरांच्या पंगतीला बसवले. मग त्याने एक असा शेवट कल्पिला जो आधी कोणी कल्पिला नव्हता. दोघे तलवारी उगारून समोरासमोर येतात, दोघांचीही विद्या पूर्णत्वाला गेलेली असते, आणि दोघेही एकमेकांना इजा न करता पार होतात. याला त्या घराण्यात ‘आइनुके’ म्हणतात. दोघांचा घात होणे ही ‘आइउची’, आणि ती या घराण्यात खालच्या पायरीवर आहे. डी. टी. सुझुकी यांनी झेन आणि जपानी संस्कृतीवरच्या आपल्या ग्रंथात या घराण्याची दखल घेतली, म्हणून ही गोष्ट जपानबाहेरही पोहोचली.

या घराण्यातले गुरुशिष्यांचे नातेही पाहण्यासारखे आहे. सेकिउनने स्वतःच्या गुरूचे ठेवणीतले डाव मोडून काढले होते असे सांगतात. सेकिउन आणि इचिउन समोरासमोर आले तेव्हा आइनुके घडले, आणि त्यानंतर गुरूने शिष्याला वंदन केले. पुढे एन्शिरोने इचिउनला हरवले. तीन पिढ्यांची ही हकीकत आहे. हिच्यात शिष्याची मान गुरूच्या तलवारीखाली आपण होऊन जावी अशी अपेक्षा कुठेही नाही. गुरू आणि शिष्य दोघे तलवार घेऊन उभे राहतात आणि त्यातून दोघे जिवंत बाहेर पडतात का, हीच इथली परीक्षा. गुरू शिष्यापुढे वाकला तो दिवस या घराण्याचा सर्वांत मोठा दिवस.

आता त्या रात्रीकडे परत पाहा. झोपलेल्या शिष्यावर चालून जाणाऱ्या एन्शिरोने घराण्याची मुख्य शिकवणच मोडलेली आहे. त्याच्या आधीच, दोजोत मारेकरी घडवायला होकार देताना, त्याने आपली विद्या सेकिउनने धिक्कारलेल्या पंगतीत परत नेऊन बसवली होती. परंपरा सोडली ती गुरूने. शिष्याने नकार दिला, आणि त्या नकारानंतर ती विद्या एका फरारी माणसाच्या हातात उरली. तिच्याकडे इमारत नाही, धनी नाही, पाटी नाही. तरी ती तिथेच आहे. कोणी म्हणेल, पण जिननेही शेवटी मारलेच ना, पार तर झाला नाही? बरोबर. अंधारात, एकजण झोपेत असताना पार होता येत नाही; त्याला दोघांची तयारी लागते. ही उणीव जिनला ठाऊक आहे, आणि ती तो मालिकाभर बाळगतो. तो बोलत का नाही, याचे कारण मला इथे सापडते. स्वभावाच्या ठशाने ते सापडत नाही.

शिनोची हकीकत याच संदर्भात वाचली पाहिजे. नवऱ्याच्या कर्जापायी वेश्यागृहात विकली गेलेली ही बाई जिनला पुलावर भेटते. तेव्हा तो एका ईलमाशांच्या दुकानावर हलकेसलके काम करत असतो. तो तिला तिथून पळवतो आणि नावेतून मठाकडे रवाना करतो. नवऱ्यापासून सुटका हवी असलेल्या बायकांना आसरा देणारे मठ एदो काळात खरोखर होते. कामाकुराचे तोकेइजी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. ठरावीक वर्षे तिथे काढली की काडीमोड मान्य होत असे. म्हणजे तिला वाचवताना जिन रूढीविरुद्ध बंड पुकारत नाही. त्याच समाजाने ठेवलेली एक जुनी वाट त्याला माहीत आहे, आणि त्या वाटेपर्यंत ती पोहोचेस्तोवर तो पाठलाग करणाऱ्यांसमोर तलवार घेऊन उभा राहतो. परंपरेत तुरुंग असतात तसे दरवाजेही असतात, आणि ते कुठे आहेत हे परंपरा आतून ओळखणाऱ्यालाच कळते. मला हा भाग मालिकेतला सर्वांत सुंदर वाटतो.

जिन कालचा आणि मुगेन आजचा, ही वाटणीही टिकत नाही. मुगेनच्या लढण्यात ब्रेकडान्सच्या गिरक्या आहेत, खरे. पण तो मरणाच्या दारात असतो त्या भागात हिप-हॉप थांबते आणि इकुए आसाझाकी यांच्या आवाजात अमामी बेटांचे एक पारंपरिक गाणे सुरू होते. संपूर्ण मालिकेतला सर्वांत जुना सूर तिच्या ‘आधुनिक’ नायकाच्या वाट्याला आलेला आहे. 1609 मध्ये सात्सुमाच्या सरदाराने र्‍यूक्यूचे राज्य जिंकले. मुगेन त्या जिंकल्या गेलेल्या मुलखाचा. त्याच्याकडेही परंपरा आहे, फक्त ती दोजोत शिकवली जात नाही. संगीतकार नुजाबेस यांनी या मालिकेला दिलेले ठेकेही जुन्या ध्वनिमुद्रिकांतले तुकडे घेऊन रचण्याच्या रीतीतूनच आलेले. इथे नवे जुन्याला हुसकावून लावत नाही. नव्याची बाजू घेऊन जुन्याची थट्टा करणारी मालिका म्हणून जे हिच्याकडे पाहतात त्यांनी ती कान बंद करून पाहिली आहे.

राहता राहिला शेवट. आक्षेप असा: पहिल्या भागात ज्या द्वंद्वाचे वचन दिले ते अखेरच्या भागात दिलेच नाही. दोघे समोर येतात, तलवारी एकमेकींवर आदळतात, दोन्ही मोडतात आणि संपले. प्रेक्षकाची फसवणूक झाली.

अखेरच्या भागात जिनची दोन द्वंद्वे आहेत, एक नव्हे. आधी कारिया. हा माणूस जिनपेक्षा श्रेष्ठ तलवारबाज आहे, हे मालिका स्पष्ट दाखवते. एकदा त्याने जिनला हरवलेलेही आहे. तेव्हा जिन गुरूने शिकवलेला अखेरचा उपाय वापरतो. प्रतिस्पर्ध्याची तलवार आपल्या देहात घुसू द्यायची, आणि विजयाची खात्री वाटून तो ज्या क्षणी मोकळा पडतो त्याच क्षणी वार करायचा. कारिया मरतो, जिन मरता मरता वाचतो. ही आइउची आहे, दोघांचा घात. गुरूला भ्रष्ट करणाऱ्या माणसासमोर जिनला एवढीच पायरी गाठता येते, आणि ती गाठायला त्याच गुरूची शिकवण कामी येते. जिनने गुरूला नाकारले नव्हते, गुरूच्या पतनाला नाकारले होते, हे याहून स्वच्छ कसे सांगणार?

मग मुगेन. दोघे बरोबरीचे, हे पहिल्या भागापासून ठरलेले. सेकिउनच्या हिशेबाने बरोबरीच्यांचा सामान्य शेवट म्हणजे दोघांचे मरण, आणि प्रेक्षक नकळत त्याचीच वाट पाहत असतो. पण दोघे पूर्ण ताकदीने भिडतात, दोन्ही तलवारी मोडतात आणि दोघेही जिवंत बाजूला होतात. ज्या घराण्याचे नाव मालिकेने जिनच्या पाठीशी लावले त्याचे सर्वोच्च ध्येय अगदी हेच आहे. गुरूपाशी जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते इथे घडते. द्वंद्व टाळलेले नाही. ते त्या घराण्याच्या नियमाप्रमाणे पुरे झालेले आहे.

यावर एक चांगला आक्षेप येतो. आइनुकेसाठी दोघेही सिद्ध असावे लागतात, आणि मुगेन तर कोणत्याही अर्थाने साधक नाही. आक्षेप रास्त आहे. सेकिउन आणि इचिउन या दोघांनीही आयुष्य त्या साधनेत घालवले होते. पण मुगेन या प्रवासात काय शिकला ते विसरू नये. पहिल्या भागातला मुगेन मारायला कारण मागत नाही. अखेरच्या भागातल्या मुगेनला मारायला कारण उरलेले नाही. जिनने त्याला उपदेश केलेला नाही. दोघांनी फक्त एकत्र उपास काढले, एकत्र पळ काढला, एकमेकांना वाचवले. दोजोची साधना आणि रस्त्याची साधना एकच, असा दावा मी करणार नाही. मालिकेचा दावा मात्र तसा आहे, आणि तिने तो 26 भाग घेऊन मांडला आहे.

दुसरा आक्षेप असा की तलवारी मोडल्या हा योगायोग. त्या मोडल्या नसत्या तर कोणीतरी मेला असता. पण मुगेनला मारायला तलवार लागते असे कोणत्या भागात दिसले? तो पायातल्या लोखंडी तळाच्या गेतांनी, म्हणजे खडावांनी, वार अडवतो, लाथांनी माणसे लोळवतो, हाताला लागेल ते शस्त्र करतो. मारायचेच असते तर मोडक्या पात्यानेही झुंज चालू राहिली असती. जिनच्या हातात अर्धी तलवार होती, मुगेनच्या हातातही. दोघांपैकी एकानेही ती पुन्हा उचलली नाही.